घानातले ७१ टक्के: आकडा जागेवर, माणसं फिरती

घाना या पश्चिम आफ्रिकेतल्या देशात २०१० साली जनगणना झाली तेव्हा ७१.२ टक्के लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती असल्याचं सांगितलं. पुढची जनगणना २०२१ मध्ये झाली आणि आकडा आला ७१.३. मधल्या काळात लोकसंख्या ६१ लाखांनी वाढली होती, तरी टक्केवारीतला फरक जेमतेम एक दशांश. नुसता तक्ता चाळणाऱ्याला वाटेल, की या देशात धर्माच्या बाबतीत सगळं स्थिरस्थावर आहे.

पण खरी हालचाल याच काळात झाली आहे, आणि ती या ७१ च्या पोटात झाली आहे. धर्माचे आकडे आपल्याकडे फार घाईने वाचले जातात. कोण वाढलं, कोण घटलं, एवढं बघितलं की झालं. त्यामुळे घानाचं उदाहरण मला जरा सावकाश, सुटं करून समजून घ्यावंसं वाटतं.

आधी एक हिशेब डोक्यात ठेवू. एखाद्या धर्माचा टक्का बदलतो तो चार वाटांनी. माणसं धर्म बदलतात. एका समाजात दुसऱ्यापेक्षा जास्त मुलं जन्मतात. माणसं देशात येतात किंवा देशाबाहेर जातात. आणि चौथी वाट म्हणजे मोजणारे प्रश्न वेगळा विचारतात किंवा उत्तरं वेगळ्या रकान्यात टाकतात. घानात या चारही गोष्टी घडल्या आहेत, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

धर्माला सभासदत्व नव्हतं तेव्हा

आजच्या घानाचा दक्षिण आणि मधला भाग मुख्यतः अकान लोकांचा. आशान्ती, फान्ते, आक्वापिम हे सगळे त्यांच्यातलेच. त्यांच्या श्रद्धेत सगळ्यांच्या वर ओन्यामे हा एकच निर्माता आहे. त्याच्या खाली नद्या, खडक, झाडं यांच्याशी जोडलेली दैवतं, आणि रोजच्या जगण्यात सगळ्यांत जवळचे म्हणजे पूर्वज. गावाच्या राजाची गादी म्हणजे एक लाकडी आसन, आणि गेलेल्या राजांची आसनं काळी करून जपली जातात, त्यांना नैवेद्य दाखवला जातो. या सगळ्यात नाव नोंदवून सामील होण्याचा प्रश्नच नव्हता. माणूस ज्या कुळात जन्मला, त्या कुळाचे पूर्वज त्याचे. दैवत गुणकारी ठरलं तर त्याची सेवा करायची, नाही ठरलं तर दुसऱ्या दैवताकडे जायचं. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट उपयोगी पडते.

पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये एल्मिनाला किल्ला बांधला. त्यानंतर डच, डेन, इंग्रज आले. सोनं आणि मग गुलाम यांच्या व्यापारासाठी किनाऱ्यावर किल्ल्यांची रांगच उभी राहिली. किल्ल्यांत धर्मगुरू होते, प्रार्थना होत होत्या, पण तटबंदीबाहेर ख्रिस्ती धर्म जवळजवळ पोचलाच नाही. केप कोस्टचा फिलिप क्वाक इंग्लंडमध्ये शिकून अँग्लिकन धर्मगुरू झाला, त्या चर्चने दीक्षा दिलेला तो पहिला आफ्रिकी माणूस. १७६६ मध्ये तो मायदेशी परतला आणि अर्धशतक किल्ल्यात काम करत राहिला, पण त्याच्या हातून फारशी धर्मांतरं झाली नाहीत. ज्या किल्ल्याच्या तळघरात माणसं साखळीने बांधून ठेवलेली आहेत, त्याच किल्ल्यातून आलेला देव बाहेरच्या गावाने का स्वीकारावा?

इस्लाम मात्र उलट दिशेने, वाळवंटाकडून आला, आणि तो व्यापाऱ्यांबरोबर आला. कोला नावाचं फळ दक्षिणेच्या जंगलात होतं आणि उत्तरेच्या कोरड्या मुलखात त्याला मोठी मागणी. ते नेणारे मांडे आणि हौसा व्यापारी मुसलमान होते. वाटेत ते थांबत, घरं करत, लग्नं करत. लाराबांगा गावातली मातीची मशीद याच काळाची आठवण आहे. पांढऱ्याशुभ्र भिंती, आणि त्यांतून बाहेर आलेली लाकडं. साधारण १७०० च्या सुमारास दागोम्बांच्या राज्यात झांगिना हा मुसलमान राजा गादीवर आला. आशान्ती राजांनी तर वेगळाच मार्ग धरला. स्वतः इस्लाम घेतला नाही, पण कुमासीच्या दरबारात लिहितेवाचते मुसलमान कारकून ठेवले, आणि सैनिकांच्या अंगरख्यांवर कुराणातल्या आयतींचे ताईत शिवून घेतले. कुणाच्या तरी धर्माची ताकद वापरायची पण त्याचं व्हायचं नाही, हे इथल्या माणसाला अवघड वाटत नव्हतं.

मंगलोरी कौलं आणि आक्रोपाँगची शाळा

कोकणातल्या जुन्या घरांवर जी मंगलोरी कौलं दिसतात, ती पहिल्यांदा बनवली मंगळूरच्या बासेल मिशनने, १८६५ मध्ये. स्वित्झर्लंडमधलं हेच मिशन घानात त्याआधीच, १८२८ मध्ये पोचलं होतं. तिथली सुरुवात भयंकर होती. पहिल्या चार तरुणांपैकी तिघे काही महिन्यांतच तापाने गेले, चौथाही तीन वर्षांत गेला. दुसऱ्या तुकडीतला आंद्रेआस रीस वाचला. स्थानिक वैद्याच्या औषधाने तो बरा झाला असं सांगतात. १८३५ मध्ये तो किनारा सोडून टेकड्यांवरच्या आक्रोपाँगला गेला, पण वर्षानुवर्षं एकही माणूस त्याच्या धर्मात आला नाही. मग १८४३ मध्ये जमैका आणि अँटिग्वा बेटांवरून काही कृष्णवर्णीय ख्रिस्ती कुटुंबं तिथे राहायला आणली गेली. ही गुलामांची लेकरं-नातवंडं होती. हा धर्म आपल्यासारख्या माणसांचाही असू शकतो, हे आक्रोपाँगने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

बासेलच्या लोकांची पद्धत कडक होती. धर्म घेतलेल्यांनी गावापासून बाजूला, सालेम नावाच्या वस्तीत राहायचं. दगडी घरं, शाळा, प्रार्थनाघर, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवणाऱ्या कर्मशाळा, आणि रात्री दिवे कधी मालवायचे याचेसुद्धा नियम. ढोलावर नाचायचं नाही, पूर्वजांना मद्य वाहायचं नाही, दुसरी बायको करायची नाही. याच मिशनचा योहान्न ख्रिस्टालर अकान लोकांच्या त्वी भाषेत रमला. १८७१ मध्ये त्वीतलं पूर्ण बायबल छापून झालं, पुढे त्याने व्याकरण आणि मोठा शब्दकोशही केला. भाषेसाठी या माणसाने जे करून ठेवलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे, सालेमच्या बंधनांबद्दल तेवढा नाही.

किनाऱ्यावर फान्ते लोकांत मेथडिस्ट १८३५ पासून होते. कॅथलिक मिशनरी १८८० मध्ये एल्मिनाला नव्याने आले. तरी मोठी लाट आली ती विसाव्या शतकात, आणि तिच्यामागे प्रवचनांइतकाच पैसा होता. मिशनच्या कर्मशाळेत लोहारकाम शिकलेल्या टेट्टे क्वार्शीने १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून कोकोच्या बिया आणून मांपाँगला लावल्या. १९११ पर्यंत आजच्या घानाचा हा छोटासा प्रदेश जगात सगळ्यांत जास्त कोको पिकवू लागला. शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा आला, तो मुलाच्या शाळेत गेला. शाळा मिशनची होती. मुलगा कारकून झाला, शिक्षक झाला, आणि क्वामे किंवा कोफी या वारावरून ठेवलेल्या नावाच्या आधी जॉन किंवा इमॅन्युएल लागलं. धर्मांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एखादा नाट्यमय क्षण येतो. घानात बहुतेकांचं धर्मांतर वर्गाच्या हजेरीपटावर झालं.

उत्तरेत हे घडलं नाही, कारण इंग्रज सरकारने तिथे मिशनऱ्यांना बराच काळ आवर घातला. उत्तरेतून खाणी आणि मळ्यांसाठी मजूर हवे होते, शाळा उशिरा आणि थोड्या आल्या. आजही घानाच्या नकाशावर साक्षरतेची, संपत्तीची आणि धर्माची रेषा साधारण एकाच ठिकाणी तुटते, त्याचं एक मूळ इथे आहे. याला एक ठळक अपवाद म्हणजे वायव्येतलं जिरापा. तिथे १९२९ मध्ये कॅथलिक मिशन सुरू झालं. १९३२ च्या दुष्काळात आसपासच्या गावांचे लोक पावसासाठी तिथल्या पाद्र्यांकडे प्रार्थना मागायला आले, पाऊस पडला, आणि दगारा लोकांची गावंच्या गावं शिकवणी घ्यायला लोटली. ज्याचा देव पाऊस देतो त्याच्याकडे जायचं, हा जुनाच नियम इथे दिसतो.

१९६० चा आरसा

देश १९५७ मध्ये स्वतंत्र झाला. १९६० च्या जनगणनेत दर दहांमागे साधारण चार जण ख्रिस्ती निघाले, जवळजवळ चार पारंपरिक धर्माचे, आणि १२ टक्के मुसलमान. म्हणजे सव्वाशे वर्षांच्या मिशनकार्यानंतरही ख्रिस्ती अर्ध्याहून कमीच होते. चाळीस वर्षांनी, २००० मध्ये, ख्रिस्ती ६८.८ टक्के झाले, मुसलमान १५.९, आणि पारंपरिक धर्म ८.५ वर आला. मोठी उडी परकी मिशनरी आणि परकं सरकार गेल्यावर पडली, हे मुद्दाम लक्षात घ्यावं. शाळा वाढल्या, खेड्यांतून लोक आक्रा आणि कुमासीत आले, आणि शहरात कुळाचं दैवत सोबत आणता येत नव्हतं. त्या शहरात त्यांना ओळखीची माणसं, आजारपणात चौकशी आणि नोकरीसाठी चिठ्ठी मिळाली ती चर्चच्या मंडळीत.

७१ च्या पोटात

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ख्रिस्ती या एका शब्दाखाली घानाची जनगणना चार रकाने करते: कॅथलिक, मेथडिस्ट-प्रेस्बिटेरियन वगैरे जुनी प्रोटेस्टंट चर्च, पेंटेकोस्टल आणि कॅरिस्मॅटिक, आणि इतर. २००० मध्ये कॅथलिक १५.१ टक्के होते, २०१० मध्ये १३.१ आणि २०२१ मध्ये १० टक्के. पेंटेकोस्टल-कॅरिस्मॅटिक त्याच काळात २४.१ वरून २८.३ आणि मग ३१.६ वर गेले. जुनी प्रोटेस्टंट चर्च १८.६ वरून १७.४ वर हळूहळू उतरली. टक्क्यांची माणसं करून बघितली तर चित्र आणखी स्पष्ट होतं. २०१० मध्ये सुमारे ३२ लाख कॅथलिक होते, २०२१ मध्ये सुमारे ३१ लाख. देशाची लोकसंख्या पावपट वाढली आणि कॅथलिकांची संख्या प्रत्यक्षात घटली. पेंटेकोस्टल मात्र २००० मधल्या साधारण ४५ लाखांवरून ९७ लाखांवर, म्हणजे दुपटीच्याही पुढे गेले. एकाच वाड्यातले भाडेकरू खोल्या बदलत राहावेत आणि बाहेरच्या पाटीवरचा पत्ता तोच राहावा, तसं हे आहे.

पेंटेकोस्टल म्हणजे कोण? पवित्र आत्मा आजही माणसात उतरतो, त्याच्या बळावर आजार बरे होतात, भुतं निघतात, आत्म्याच्या प्रेरणेने माणूस न शिकलेल्या भाषेत प्रार्थना करतो, असं मानणारे. कॅरिस्मॅटिक म्हणजे याच श्रद्धेची, पण नंतर निघालेली नवी चर्च. घानात याची मुळं देशीच आहेत. असामांकेसेचा पीटर आनिम १९२० च्या आसपास प्रार्थनेने रोग बरे करण्यावर भर देणारा गट चालवत होता. १९३७ मध्ये उत्तर आयर्लंडचा जेम्स मॅककीओन त्याच्या मदतीला आला, पण औषध घ्यावं की नुसती प्रार्थना करावी यावर दोघांचं फाटलं. मॅककीओनच्या बाजूने पुढे चर्च ऑफ पेंटेकोस्ट उभं राहिलं, आज ते देशातल्या सगळ्यांत मोठ्या चर्चांपैकी एक आहे. त्याच सुमारास मिशनांच्या शिस्तीला कंटाळून स्वतःची चर्च काढणारेही होते. मेथडिस्टांमधून बाहेर पडलेल्या एका धर्मशिक्षकाने १९२२ मध्ये मुसामा डिस्को क्रिस्टो चर्च काढलं. तिथे अनेक बायका असलेल्यालाही जागा होती, स्वतःचा राजवंश होता, सण होते.

मग आलं १९८३. हे साल घानातल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही सांगावं लागत नाही. दुष्काळ पडला, कोकोच्या बागांना वणवे लागले, बाजारात अन्न नाही, आणि त्याच वर्षी नायजेरियाने सुमारे दहा लाख घानावासीयांना हाकलून दिलं. ते सगळे या उपाशी देशात परत आले. लष्करी राजवट होती, संध्याकाळनंतर संचारबंदी. अशा काळात शहरांतल्या शाळा-कॉलेजांतल्या प्रार्थनागटांतून, सिनेमा थिएटरांत आणि वर्गखोल्यांत नवी कॅरिस्मॅटिक चर्च उभी राहिली. नायजेरियात बायबलचं शिक्षण घेऊन आलेल्या निकोलस डंकन-विल्यम्सने १९७९ मध्ये सुरुवात केली, मेन्सा ओटाबिलने १९८४ मध्ये. प्रवचन इंग्रजीत, गिटार आणि ड्रम, सुटाबुटातला तरुण पास्टर. आणि संदेश असा, की देव तुम्हाला गरिबीत ठेवू इच्छित नाही. रिकाम्या पोटाने ऐकणाऱ्याला हे किती मोठं वाटलं असेल!

पण केवळ सुबत्तेच्या आश्वासनाने लोक खेचले गेले असं म्हणणं मला अपुरं वाटतं. मूळ कारण जास्त खोल आहे. बासेलच्या मिशनऱ्यांनी लोकांना सांगितलं होतं, की चेटूक, शाप, दुष्ट आत्मे हे सगळं खोटं आहे, सोडून द्या. माणसं रविवारी माना डोलवत आणि मूल आजारी पडलं की रात्री गुपचूप देवऋषाकडे जात. पेंटेकोस्टल पास्टर म्हणाला, तुमची भीती खरी आहे, आणि येशू त्या सगळ्यांपेक्षा बलवान आहे. त्याने जुनं जग नाकारलं नाही, त्याच्यावर इलाज दिला. म्हणून आठवडाभर प्रार्थना चालतात. शुक्रवारी रात्रभर जागरण असतं. परीक्षेसाठी, व्हिसासाठी, मूल होण्यासाठी, दुकान चालण्यासाठी वेगवेगळ्या सभा होतात.

याची काळी बाजूही आहे आणि ती झाकू नये. रोगमुक्तीसाठी चालवलेल्या काही प्रार्थना-छावण्यांत मनोरुग्णांना झाडाला साखळीने बांधून, उपाशी ठेवून उपचार चालत, हे मानवी हक्क संघटनांनी नोंदवलेलं आहे. सरकारने २०१२ मध्ये मानसिक आरोग्याचा कायदा केला, पण डॉक्टर थोडे आणि छावण्या जास्त, हे गणित कायद्याने लगेच सुटत नाही.

जुनी चर्चही हातावर हात ठेवून बसली नाहीत. कॅथलिकांत कॅरिस्मॅटिक नवचैतन्याचे गट निघाले, प्रेस्बिटेरियन मंडळींत टाळ्या, नाच, रोगमुक्तीच्या प्रार्थना आल्या. म्हणजे १७.४ टक्क्यांच्या रकान्यातला माणूसही आता पेंटेकोस्टलसारखीच प्रार्थना करत असतो. मग तो जुन्या चर्चात राहतो तरी का? एक साधं कारण अंत्यविधीचं आहे. घानात अंत्यसंस्कार हा आयुष्यातला सगळ्यांत मोठा समारंभ, शनिवारी, लाल-काळ्या कपड्यांत, शेकडो लोकांच्या साक्षीने होणारा. आजोबा मेथडिस्ट होते, त्यांना मेथडिस्टांनी पुरलं. सभासदाची वर्गणी कार्डावर नोंदलेली असते, आणि थकबाकी असेल तर चर्च अंत्यविधीला आढेवेढे घेतं. त्यामुळे कितीतरी लोक बुधवारी नव्या पास्टरच्या सभेला जातात आणि वर्गणी मात्र जुन्या चर्चची भरत राहतात. प्रगणकाला ते काय सांगतील?

मुसलमान कसे वाढले

२००० मध्ये १५.९, २०१० मध्ये १७.६, २०२१ मध्ये १९.९. म्हणजे साधारण ३० लाखांचे ६१ लाख. ख्रिस्ती टक्का थांबलेला असताना हा चढता आहे. यात मोठा वाटा जन्मांचा. उत्तरेच्या ग्रामीण भागात कुटुंबं मोठी आहेत, आणि तिथे पारंपरिक धर्म सोडणारे बरेच जण इस्लामकडे जातात. नॉर्दर्न, सवाना आणि नॉर्थ ईस्ट या विभागांत मुसलमान बहुसंख्य आहेत. दक्षिणेतल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात झोंगो नावाची त्यांची वस्ती आहे, उत्तरेच्या आणि शेजारी देशांच्या व्यापारी-मजुरांनी वसवलेली. स्थलांतराने आकडा कसा हलतो हे इथेच दिसतं. १९६९ मध्ये पंतप्रधान बुसिया यांच्या सरकारने परवाना नसलेल्या परदेशी लोकांना दोन आठवड्यांत देश सोडायला लावलं आणि या वस्त्यांतली पिढ्यान्पिढ्या राहिलेली असंख्य हौसा-योरुबा कुटुंबं उठून गेली.

मोजणीबद्दलही वाद आहे. २००० चे आकडे आले तेव्हा मुसलमान संघटनांनी ते कमी दाखवल्याची तक्रार केली. पूर्वी शाळेत नाव घालायचं तर मिशनच्या शाळेत ख्रिस्ती नाव लागायचं, म्हणून अनेक मुसलमान आईबाप मुलांना शाळेतच पाठवत नसत किंवा मूल दोन नावांनी वाढायचं. अशा पार्श्वभूमीवर सरकारी आकड्यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

यात भारताचाही एक धागा आहे. किनाऱ्यावरच्या फान्ते लोकांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही जण मेथडिस्ट धर्म सोडून मुसलमान झाले होते. त्यांनी शिक्षक हवा म्हणून कळवलं, आणि १९२१ मध्ये पंजाबातल्या कादियानहून अहमदिया पंथाचे अब्दुल रहीम नय्यर सॉल्टपाँडच्या किनाऱ्यावर उतरले. अहमदियांनी मिशनऱ्यांचीच रीत घेतली, शाळा आणि दवाखाने काढले. कुमासीतली त्यांची शाळा आजही नावाजलेली आहे.

उरलेले ३.२ टक्के

पारंपरिक धर्म १९६० च्या ३८ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ३.२ वर आला. हा आकडा पाहून तो धर्म संपत आला म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. बाळ आठ दिवसांचं झालं की भल्या पहाटे त्याला घराबाहेर आणतात. घरातलं वडीलधारं माणूस बाळाच्या जिभेला बोट लावतं, एकदा पाण्याचं, एकदा मद्याचं, आणि सांगतं, पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू म्हण. म्हणजे आयुष्यभर खरं बोल. मग पूर्वजाचं नाव ठेवतात. हे ख्रिस्ती घरात होतं, मुसलमान घरातही आपल्या रीतीने नामकरण होतं, काही चर्चमधल्या घरांत मद्याऐवजी सरबत किंवा मध आलं आहे. पण विधी आहे. गावच्या राजाची आसनं आहेत, आणि त्या आसनांची सेवा करणाऱ्या घराण्यातला माणूस रविवारी प्रेस्बिटेरियन चर्चात बसलेला असतो.

राजधानी आक्रा ही मुळात गा लोकांची भूमी. होमोवो सणाआधी पेरणी झाली की दरवर्षी साधारण महिनाभर तिथे ढोल आणि मोठा आवाज बंद असतो, जमिनीला आणि दैवतांना शांतता हवी म्हणून. नव्या चर्चांची उपासना तर ड्रम आणि लाउडस्पीकरवरच चालते. १९९८ पासून दोन-तीन वर्षं यावरून मारामाऱ्या झाल्या, वाद्यं फोडली गेली, माणसं जखमी झाली. पुढे नियम ठरले, की बंदीच्या काळात चर्चने आवाज आपल्या भिंतींच्या आत ठेवायचा. ३.२ टक्क्यांचा धर्म पूर्ण राजधानीला महिनाभर गप्प करू शकतो, यावरून टक्का आणि ताकद यांतलं अंतर कळतं. १९८२ मध्ये कॅथलिक धर्मगुरूपद सोडून क्वाबेना दामुआ यांनी आफ्रिकानिया मिशन काढलं, ते याच श्रद्धेला ग्रंथ, प्रार्थनासभा आणि संघटना देण्यासाठी. सभासदत्व नसलेल्या धर्माला सभासदत्व देण्याचा तो प्रयत्न होता.

जनगणनेत एका माणसाला एकच खूण करता येते, आणि बहुतेक घरांत उत्तरं एकच माणूस सगळ्यांच्या वतीने देतो. शाळा शिकलेल्या घरात पारंपरिक धर्म असं सांगायला आजही संकोच वाटतो. त्यामुळे हा रकाना आचरणापेक्षा फार वेगाने आटतो.

आणखी एक गंमतीची नोंद, आकडे वाचणाऱ्यांसाठी. २०१० मध्ये कुठलाच धर्म नाही म्हणणारे ५.३ टक्के होते, २०२१ मध्ये १.१ च. घानातले नास्तिक अचानक नाहीसे झाले का? त्याच वेळी इतर धर्म हा रकाना ०.८ वरून ४.५ वर गेला. दोन्हींची बेरीज करा: २०१० मध्ये ६.१, २०२१ मध्ये ५.६. माझ्या मते माणसं फारशी बदललेली नसावीत, मधल्या काळात ती एका रकान्यातून दुसऱ्यात पडली असावीत. चौथी वाट म्हणालो होतो ती हीच.

या इतर रकान्यात एक छोटा समाज आहे, तो मराठी वाचकाला आपला वाटेल. सेन्या बेराकूच्या एका घानावासी माणसाने ऋषिकेशला जाऊन अभ्यास केला, पुढे संन्यासदीक्षा घेतली, स्वामी घनानंद सरस्वती झाले आणि आक्रामध्ये मठ स्थापला. २०१६ मध्ये ते गेले. त्यांचे अनुयायी घानाचेच, नावंही तिथलीच ठेवणारे, आणि भाद्रपदात गणपती बसवून अटलांटिक समुद्रात विसर्जन करणारे.

एका घरात सगळे

घानातल्या घरात आई मेथडिस्ट, मामा मुसलमान, बहीण कॅरिस्मॅटिक हे अगदी नेहमीचं आहे. सरकारी समारंभांत ख्रिस्ती प्रार्थना, मुसलमानांची दुवा आणि अनेकदा पूर्वजांना मद्य वाहणं, असं तिन्ही होतं. राष्ट्रीय मुख्य इमाम शेख उस्मान शारुबुतु २०१९ मध्ये शंभर वर्षांचे झाले, तेव्हा ईस्टरच्या दिवशी आक्राच्या कॅथलिक चर्चात जाऊन बसले. अनेक तरुण मुसलमानांना ते रुचलं नाही, पण शेखांनी आपलं वागणं बदललं नाही.

ताण नाहीत असं मात्र नाही, आणि ते आकड्यांभोवतीच फिरतात. दोन्ही ईदची सरकारी सुट्टी १९९६ मध्ये मिळाली. केप कोस्टच्या वेस्ली गर्ल्स या नामांकित शाळेत मुसलमान मुलींना रमजानचे रोजे ठेवू दिले जात नव्हते, यावरून २०२१ मध्ये देशभर वाद पेटला. शाळा मेथडिस्टांनी काढलेली, पण पगार सरकार देतं, मग नियम कुणाचा? माझं मत मुलींच्या बाजूने आहे. जी शाळा सगळ्यांच्या करावर चालते तिथे उपाशी राहण्याचा निर्णय मुलीचा आणि तिच्या घरच्यांचा असावा. दुसरीकडे, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आकुफो-आडो यांच्या सरकारने आक्रामध्ये राष्ट्रीय कॅथेड्रल बांधायला घेतलं. २०२० मध्ये पायाभरणी झाली, न्यायाधीशांचे बंगले पाडले, सरकारी तिजोरीतून सुमारे ५.८ कोटी डॉलर गेले, आणि काम पायाच्या खड्ड्यापाशीच अडलं. या खर्चावर सगळ्यांत कडक टीका करणाऱ्यांत कितीतरी श्रद्धाळू ख्रिस्ती होते. देश ७१ टक्के ख्रिस्ती आहे म्हणून सरकारने चर्च बांधावं, हा हिशेब त्या ७१ टक्क्यांतल्याच बहुतांना मान्य झाला नाही.